आपांना जमेल असा डेटाबेस

एक्सेल उघडा आणि एका रिकाम्या चौकटीत सोळा आकडी बँक खाते क्रमांक टाइप करा. शेवटचा आकडा शून्य सोडून कोणताही घ्या, समजा ७. एंटर दाबा. मग त्या चौकटीवर परत जाऊन वरच्या पट्टीत पाहा. ७ च्या जागी ० दिसेल. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पहिले पंधरा अंकच धरून ठेवतो. सोळाव्याचे शून्य करतो, आणि तसे केल्याचे सांगत नाही.

मला हे कळले तेव्हा एका मुलीची फी भरायची मुदत उलटून अकरा दिवस झाले होते.

आमच्या तालुक्याच्या गावात शिक्षणासाठी मदत करणारी एक छोटी समिती आहे. रमजानमध्ये जकात आणि इमदाद गोळा करायची, आणि जून-जुलैत गरजू मुलामुलींची फी, पुस्तके, वसतिगृहाचा खर्च यांसाठी ती द्यायची. शादीखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दोन डेस्कटॉप, एक जुना लॅपटॉप. पदाधिकारी पुष्कळ, काम करणारे चार. अर्ज घेणाऱ्या आपा, या पूर्वी अंगणवाडी सेविका होत्या. हिशेब पाहणारे चाचा, एका साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. बी.कॉम. झालेला एक तरुण, ज्याला आम्ही सगळेच 'बेटा' म्हणतो. आणि मी, दिवसा शाळेत गणित शिकवून संध्याकाळी तिथे जाणारा. वर्षाला साडेतीनशे-चारशे अर्ज येतात. एवढ्या कामाला एक्सेल पुरेल असे आम्हाला वाटायचे, आणि बरीच वर्षे ते पुरलेही. 'मदत-अंतिम', 'मदत-अंतिम-२', 'मदत-खरी-अंतिम' अशा फाईली प्रत्येक कॉम्प्युटरवर होत्या. तुमच्या ऑफिसातही असतील.

२०१८ च्या पावसाळ्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या एका मुलीचा पहिला हप्ता आम्ही मंजूर केला. वडील मंडईत हमाली करणारे. खाते क्रमांक मीच टाइप केला, रात्री साडेदहाला, पासबुकच्या झेरॉक्सवरून. दुसऱ्या दिवशी एनईएफटी गेली आणि फाईलमध्ये तिच्या नावासमोर 'दिले' असे लिहिले गेले. एनईएफटीत पैसे जातात ते खाते क्रमांकावर, नावावर नाही, आणि नाव आधी जुळवून पाहायची सोय तेव्हा नव्हती. शून्याने संपणारे ते खाते कुणाचेच नव्हते, म्हणून रक्कम परत आली. असते तर दुसऱ्याच कुणाला मिळाली असती. परत आल्याची एक ओळ बँकेच्या स्टेटमेंटमध्ये होती. स्टेटमेंट चाचा महिनाअखेरीला जुळवायचे.

मधल्या काळात ती मुलगी दोनदा आली. दोन्ही वेळा आम्ही कॉम्प्युटर पाहून सांगितले, "पैसे गेलेत बेटी, बँकेत विचार." तिसऱ्यांदा ती आली नाही. आमच्यावर तिने विश्वास ठेवला, बँकेत जाऊन रांगेत उभी राहिली, आणि सीट गेली. पुढच्या वर्षी तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला. मधले वर्ष तिने बाजारपेठेतल्या एका कपड्याच्या दुकानात काढले.

चूक माझी होती. गणिताच्या मास्तरची. महिनाअखेरीला चाचांनी स्टेटमेंटवर बोट ठेवले तेव्हा मी आधी पासबुकची झेरॉक्स काढली, मग फाईल, मग परत झेरॉक्स. आपा एवढेच म्हणाल्या, "सर, ये मशीन झूट बोलती क्या?" मशीन खोटे बोलत नव्हते. त्याला आपण 'आकडा' दिला होता आणि त्याने आकड्यासारखेच वागवले. खाते क्रमांक हा आकडा नव्हेच. ज्याची बेरीज करून काही अर्थ निघत नाही तो नंबर म्हणजे नावासारखी खूण. दोन मोबाईल नंबरांची कुणी बेरीज करत नाही. ही खूण मजकूर म्हणून लिहायची असते. त्या चौकटीला आधी 'टेक्स्ट' केले असते तर सातचे सातच राहिले असते. पण हे टाइप करणाऱ्याला दर वेळी आठवावे लागते, आणि रात्री साडेदहाला आठवत नाही.

(दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेकडून जवळपास १६,००० करोनाबाधितांच्या नोंदी काही दिवस गळाल्या. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलीतून पुढे जात होती, आणि त्या फाईलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. ते वाचून माझी लाज काही कमी झाली नाही, पण जरा सोबत मिळाल्यासारखे वाटले.)

तेव्हा ठरले की एक्सेल बंद, नीट डेटाबेस घ्यायचा. कोणता, यावर चार जणांची पाच मते.

चाचांना फॉक्सप्रो हवा होता. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटरचा क्लास केला त्यांना तो काळा पडदा आणि चमकणारा ठिपका आठवत असेल. चाचांनी त्यात ऊस उत्पादकांच्या याद्या केल्या होत्या. "बारा वर्षं एक दिवस बंद पडला नाही मास्तर," ते म्हणाले. मी अविश्वास दाखवला नाही, फॉक्सप्रो खरोखर दणकट होता. पण १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, शेवटची आवृत्ती, म्हणजे ९ वी, २००४ ची, आणि २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. शिवाय त्याच्या फाईलीत युनिकोड मराठी धड बसत नाही. चाचा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते.

बेटा म्हणाला गुगल शीट. फुकट, सगळ्यांच्या फोनवर, चौघांनी एकाच वेळी लिहिले तरी चालते. यातले काहीच खोटे नाही, आणि वह्या-पुस्तकांच्या वाटपाची यादी असती तर मी हो म्हटले असते. पण ही यादी वेगळी. गावात कुणाच्या घरी जकातीचे पैसे जातात याची ही यादी. आमच्याकडे एक विधवा बाई येतात, शेजारणींना त्यांनी सांगितलेले आहे की मुलाच्या फीचे पैसे भाऊ पाठवतो. आपण देणारे त्यांच्या भावाच्या जागी आहोत, तेव्हा हे गुपित आपलेही आहे. बेट्याचा फोन त्याचा धाकटा भाऊ गेम खेळायला घेतो. मी एवढेच विचारले, ही यादी किती फोनांवर असेल? तो समजला.

मग पुण्याच्या एका कंपनीचे ऑनलाइन सॉफ्टवेअर पाहिले. दिसायला सुरेख, रंगीत वर्तुळे आणि आलेख. दर वर्षी पैसे. मी विचारले, एखाद्या वर्षी आम्हाला झेपले नाही तर आमची माहिती आम्हाला परत कशी मिळेल? ते म्हणाले, "एक्सेलमध्ये देऊ." आपा हसल्या. बाकी कुणाला हसू आले नाही.

टॅलीचे नावही निघाले. चाचांचे रोजकीर्द-खतावणीचे काम त्यात चालूच होते आणि आजही चालते. पण टॅलीला रुपये कळतात, कोणत्या मुलीने कोणत्या वर्गात कितव्यांदा अर्ज केला हे सांगायला ते बनलेले नाही.

माझा स्वतःचा जीव लिबरऑफिस बेसवर होता. फुकट, मोकळे, कुणाच्या परवान्याचे मिंधे नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे मी त्यावर घालवले. टेबले केली, फॉर्म केले. आधी जावा नाही म्हणून ते रुसले, जावा बसवल्यावर नीट चालले. घरी एकट्याने वापरायला ते मला आजही पुरते. ऑफिसात नेल्यावर कळले की बेस आपली माहिती एकाच फाईलीच्या पोटात ठेवतो आणि ती फाईल एका वेळी एकानेच उघडायची असते. आपांनी उघडली की चाचांना कुलूप. यावर उपाय आहे. मागे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेससारखा सर्व्हर चालवायचा आणि बेसला फक्त त्याचा दर्शनी भाग ठेवायचा. मी तोही करून पाहिला आणि चालवूनही दाखवला. त्या रात्री घरी येताना मात्र डोक्यात आले की माझी बदली झाली किंवा मी आजारी पडलो, तर या खोलीत सर्व्हर म्हणजे काय हे सांगणारा एकही माणूस नाही. मी समितीसाठी डेटाबेस करत नव्हतो, स्वतःची हौस करत होतो. हे कबूल करायला मला आणखी एक आठवडा लागला.

फाईलमेकर एका मित्राच्या छापखान्यात पाहिला होता. ॲपलच्या घरातला, १९८५ पासूनचा, मी पाहिलेल्यांत शिकायला सगळ्यात सोपा. किंमत विचारून गप्प बसलो. जकातीच्या पैशातून परवाना घेता येत नाही, आणि वरखर्चाचा डबा आमच्याकडे नेहमी हलकाच असतो.

उरला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस, तोही १९९२ चाच. जाणकार लोक त्याला नाके मुरडतात. म्हणतात जुना आहे, मोठा होत नाही, दोन जीबीच्या पुढे फाईल जात नाही. आमची आजवरची सगळी माहिती चाळीस एमबीसुद्धा नाही. कागदोपत्री २५५ जण एका वेळी वापरू शकतात म्हणे, मी दहाच्या पुढे भरवसा ठेवणार नाही, पण आम्ही चारच. एका खोलीत, एका वायरीवर, एकच काम करणारे. पुस्तकांच्या दुकानात मिळणारे जाड मार्गदर्शक वाचून बेटाही ते दुरुस्त करू शकतो, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो, कारण आम्ही तिथे फसता फसता वाचलो. 'आमच्याकडे ऑफिस आहे' म्हणजे ॲक्सेस आहेच असे नाही. घरगुती आणि विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त पेटीत वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट असतात, ॲक्सेस नसतो. मॅकवर तर तो नाहीच. मात्र चारही ठिकाणी पूर्ण विकत घ्यायची गरज नाही. जिथे फॉर्म आणि टेबले बनवायची त्या एका कॉम्प्युटरवर पूर्ण, आणि जिथे फक्त वापरायचा तिथे 'रनटाइम' नावाची फुकट आवृत्ती बसवली की भागते. हे कळल्यावर आमचा खर्च एका परवान्यावर आला.

आता टेबलांकडे. एक्सेलमध्ये एका घरातली तीन भावंडे म्हणजे तीन ओळी, आणि बापाचा मोबाईल तीनदा लिहिलेला. नंबर बदलला की एका ओळीत बदलायचा, दोन ओळींत जुना राहायचा. आपांना हे समजावताना मी रेशनकार्डाचे उदाहरण दिले. कार्ड घराचे एकच, त्यावर माणसे कितीही. घराचा पत्ता प्रत्येक माणसासमोर परत लिहीत नाहीत. तसेच 'कुटुंब' हे एक टेबल, त्याला एक नंबर. 'विद्यार्थी' हे दुसरे, ज्यात त्या कुटुंबाचा नंबर. 'अर्ज' तिसरे, कारण एकच मुलगी पाच वर्षे अर्ज करते. 'हप्ते' चौथे. १९७० मध्ये एडगर कॉड नावाच्या आयबीएमच्या गणितज्ञाने हाच विचार मांडला होता, त्याच्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. आपा म्हणाल्या, "म्हणजे पुरवठा खात्यात आधीपासून होतं तेच." मी वाद घातला नाही.

नंबर हवाच, कारण आमच्या नावांवर विसंबून राहता येत नाही. ज्यांनी मुस्लिम मोहल्ल्यात कधी यादी केली असेल ते हसतील. शेख, पठाण, बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, मुजावर, शिकलगार अशा वीसेक आडनावांत सगळे गाव बसते, आणि त्यात आयेशा आणि सलमा किती! तेच नाव शाळेच्या दाखल्यावर आडनाव शेवटी, आधार कार्डावर 'शेख' सुरुवातीला, आणि पासबुकात मधले नाव गळालेले. इंग्रजीत शेख कुणी 'ए-आय'ने लिहितो, कुणी 'ई-आय'ने. मोहम्मदचे तर 'मोहं.', 'मो.', 'महंमद', 'मुहम्मद' अशी चार रूपे आमच्या एकाच पानावर सापडली. लग्न झालेल्या मुलीचे वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते ते वेगळेच. माणूस एक, कागदावर तिघे, किंवा उलट. सरकारी कचेरीत याच फरकापायी आपली माणसे खेटे घालतात. आपल्याच ऑफिसने त्यांना परत तेच विचारायचे का?

म्हणून नावासाठी दोन चौकटी केल्या. एक 'कागदावरचे नाव', जसे पासबुकात आहे तसे, काना-मात्रा न बदलता. दुसरी 'बोलायचे नाव', म्हणजे घरात-मोहल्ल्यात ज्या नावाने हाक मारतात ते. शोध दोन्हींत होतो. आडनाव हाताने टाइप करायचे नाही, खाली उघडणाऱ्या यादीतून निवडायचे. जुन्या याद्यांचा मात्र त्रास झाला. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. डोळ्यांना मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरांची भेळ. त्यात ना शोध लागतो ना अकारविल्हे लागतो. बेट्याने आणि आपांच्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत बसून चार वर्षांच्या याद्या नव्याने टाइप केल्या. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे मिळतात, पण ती जोडाक्षरांत घोळ करतात आणि मग तपासायला तेवढाच वेळ जातो.

फॉर्म तयार झाला तेव्हा मी आपांना खुर्चीवर बसवले आणि मागे उभा राहिलो. काहीही सांगायचे नाही असे स्वतःला बजावले होते. दहा मिनिटांत माझ्या तीन आठवड्यांच्या कामाचे काय झाले ते सांगतो. आपा कागदी अर्ज डावीकडे ठेवून वरून खाली वाचत होत्या आणि माझा फॉर्म डावीकडून उजवीकडे उड्या मारत होता. पहिली चौकट 'कुटुंब क्रमांक' होती, जी त्यांना माहीत असायचे कारणच नव्हते. एंटर दाबला की कर्सर कुठे जाईल याचा मी विचारच केला नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही हा फॉर्म तुमच्यासाठी केलाय."

तो पुन्हा केला. कागदी अर्जात जो क्रम तोच पडद्यावर. अक्षर मोठे. मोबाईल नंबर टाकला की घर जुने असेल तर आपोआप समोर यावे, नवे असेल तर नंबर त्यानेच द्यावा. खाते क्रमांक मजकूर म्हणून, आणि तो दोनदा टाइप करायचा. दोन्ही जुळले नाहीत तर पुढे जाता येत नाही. पहिल्यांदा मी आणखी हुशारी करून 'एक खाते एकदाच' असाही नियम घातला होता. दुसऱ्याच दिवशी तीन भावंडे आईच्या एकाच पासबुकावर आली आणि ॲक्सेसने आपांना चक्क 'नाही' म्हटले. नियम काढून तिथे फक्त सूचना ठेवली.

एक बदल मला कधीच सुचला नसता. 'यतीम आहे का' ही खूण मी नावाच्या खालीच ठेवली होती. आपांनी ती सगळ्यात शेवटी न्यायला लावली. म्हणाल्या, मूल समोर बाकावर बसलेले असते, मी पडद्याकडे बघत विचारत जाते, आणि हा प्रश्न मोठ्याने निघून जातो. शेवटी असला की मी अर्ज वाचून नंतर भरीन, ते गेल्यावर. त्याच दिवशी त्यांनी टेबल फिरवून मॉनिटरची पाठ बाकाकडे केली.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या वर्षी दोनदा फाईल 'दुरुस्त करावी लागेल' असे म्हणत उघडेना. कारण लॅपटॉप वायफायवर होता आणि आमच्या खोलीत भिंतीपलीकडे रेंज येते-जाते. ॲक्सेसला लिहिता लिहिता तुटलेली जोडणी सोसत नाही. तेव्हापासून नियम केला की वायर असेल तिथेच ॲक्सेस, आणि मुख्य कॉम्प्युटरला इन्व्हर्टर. माहितीची फाईल मुख्य कॉम्प्युटरवर एकच, फॉर्मची फाईल प्रत्येकाकडे आपापली. हे वेगळे करायला ॲक्सेसमध्येच सोय आहे, आणि ते पहिल्याच दिवशी करावे. आम्ही आठ महिन्यांनी केले. गुगल ड्राइव्हसारख्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ती फाईल ठेवू नये, दोन प्रती तयार होतात आणि खरी कोणती ते कुणालाच सांगता येत नाही.

तारखेने तर मला रडवले. चाचांना दोन तारखांमधल्या पावत्या दाखवणारे बटण हवे होते. त्यासाठी मी दोन ओळींचा कोड लिहिला. एप्रिलच्या ३ तारखेपासूनच्या पावत्या मागितल्या की ४ मार्चपासूनच्या यायच्या, पण १३ एप्रिलपासूनच्या मागितल्या की बरोबर यायच्या. ॲक्सेस कोडमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने वाचतो, आधी महिना मग दिवस. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ तारखेपासून पुढे तो गुपचूप आपली पद्धत धरतो. निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येणारी चूक शोधायला किती दिवस लागतात ते मी सांगत नाही. आता कोडमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.

ॲक्सेसच्या सेटिंगमध्ये हिजरी कॅलेंडरचाही पर्याय आहे. तो दिसल्यावर चाचा खूष झाले, कारण जकातीचे वर्ष चांद्रमानाचे. पण ते कॅलेंडर गणिताने चालते आणि आपला महिना चाँद दिसल्यावर सुरू होतो. तेव्हा रमजानची पहिली तारीख दर वर्षी चाचा हाताने एका छोट्या टेबलात लिहितात. जकात, सदका, सर्वसाधारण देणगी हे पावतीवर वेगळे लिहिलेले असते आणि जकातीचा हप्ता जकातीच्याच रकमेतून गेला पाहिजे, हे मात्र ॲक्सेस चोख सांभाळतो. त्या खात्यात पैसे उरले नसतील तर तो फॉर्म पुढे जाऊ देत नाही. पूर्वी हे चाचांच्या स्मरणशक्तीवर चालायचे.

ज्याचे समाधान अजून झालेले नाही ते म्हणजे ती यादी. फाईलला पासवर्ड आहे, आतली माहिती कूटबद्ध होते. पण पासवर्ड ज्याला माहीत त्याला सगळेच दिसते. कुणाला काय दिसावे हे माणसागणिक ठरवायची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने २००७ च्या नव्या प्रकारच्या फाईलीतून काढून टाकली. फॉर्मवर मी काही चौकटी लपवल्या आहेत, पण तो पडदा आहे, भिंत नव्हे. एक पेनड्राइव्ह आणि दोन मिनिटे, की गावातले गरीब कोण हे कुणाच्याही खिशात. हे मी समितीच्या बैठकीत सांगितले तेव्हा एका सभासदाने विचारले, "मग एवढा खर्च कशाला केला?" कागदी रजिस्टर कपाटात होते तेव्हा कपाटाची किल्ली कुणाकडे, हे आपण विचारत होतो. तेवढे तरी इथे विचारूया, असे मी म्हणालो. सध्या बॅकअपचे दोन पेनड्राइव्ह आहेत, एक आपांच्या घरी, एक चाचांच्या, दोन्हींना कुलूप. ज्या घरांना तीन वर्षांत मदत गेली नाही त्यांची नावे काढून फक्त आकडे ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. चाचा ऐकत नाहीत. त्यांच्या मते नोंद म्हणजे नोंद, ती खोडायची नसते. हा वाद चालू आहे.

जुन्या याद्या नव्या टेबलांत भरताना एक ओळ अडली होती. हप्त्याच्या स्थितीसाठी मी तीन शब्द ठेवले होते, 'मंजूर', 'नामंजूर', 'दिले'. त्या नर्सिंगच्या मुलीची ओळ तिन्हींत बसेना. मंजूर झाले होते, दिलेही होते, आणि मिळाले नव्हते. बेटा म्हणाला, 'दिले' टाकूया, जुनी गोष्ट आहे. आपांनी नकार दिला. मग चौथा शब्द घातला, 'परत आले', आणि रोज सकाळी मुख्य कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी 'परत आले' अशा हप्त्यांची यादी उघडेल अशी क्वेरी लावली. चाचा आता स्टेटमेंट महिनाअखेरीला नाही, रोज अकराला बघतात.

गेल्या वर्षी अशी सहा नावे आली. कुणाचा आयएफएससी बदललेला, कुणाचे खाते बंद पडलेले. सहाही जणांना त्याच दिवशी फोन गेला. यादी रिकामी झाली तरी सगळ्यात खाली एक ओळ राहतेच, २०१८ ची. ती तांत्रिकदृष्ट्या बंद करता येते, एक टिक करायची आहे. मी दोनदा विचारले. आपा म्हणाल्या, राहू दे.